हाताने घडवलेले नाताळ भेटकार्ड : कागद, ठसा आणि शुभवर्तमान

ख्रिस्तराजाचा सण आटोपला की आपल्या घरांत आगमनकाळाची लगबग सुरू होते. माळ्यावरचा गोठा खाली उतरतो, चांदणीसाठी काठ्या शोधल्या जातात, फराळाच्या याद्या होतात. या लगबगीत एकेकाळी आणखी एका कामाला मान होता : भेटकार्डे आणणे, त्यांवर नावे घालणे आणि ती वेळेत टपालपेटीत पडतील हे पाहणे. मोबाईल हाती आल्यापासून हे काम बहुतेक घरांतून गेले. आता नाताळच्या आदल्या रात्री एकच तयार चित्र एका बोटाच्या स्पर्शाने शेकडो जणांकडे जाते आणि शेकडो जणांकडून तसेच आपल्याकडे येते. शुभेच्छा पोहोचतात, यात शंका नाही. परंतु त्या खास आपल्यासाठी होत्या असे वाटायला फारसा आधार उरत नाही.

म्हणून कोल्हापूर परिसरातील कुटुंबांपुढे, धर्मशिक्षणाच्या वर्गांपुढे आणि युवक संघांपुढे आम्ही हे जुनेच काम पुन्हा ठेवीत आहोत. नाताळचे कार्ड स्वतःच्या हाताने कसे करावे, त्यासाठी कागद, ठसे, शाई आणि रंग कसे वापरावेत, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे. मात्र कार्डाची कृती जितकी महत्त्वाची, तितकेच त्यावरचे चित्र आणि ते ज्याच्या हाती द्यायचे तो माणूसही महत्त्वाचा आहे. या तिन्हींचा विचार एकत्र झाला, तरच कार्ड हे शुभवर्तमानाचे काम करते.

पहिल्या कार्डाची गोष्ट

नाताळचे पहिले छापील कार्ड १८४३ मध्ये लंडनला निघाले. हेन्री कोल या गृहस्थांनी जॉन हॉर्स्ली या चित्रकाराकडून ते करून घेतले. एक पेनीत पत्र पोहोचवणारी टपालसेवा ब्रिटनमध्ये १८४० मध्ये सुरू झाली होती आणि तिच्या उभारणीत कोल यांचाही हात होता. कार्डाच्या सुमारे हजार प्रती निघाल्या. रेषा दगडी छापाच्या होत्या. रंग मात्र प्रत्येक प्रतीवर हाताने भरले होते. म्हणजे पहिले छापील कार्डदेखील निम्मे हस्तकलेचेच होते.

त्या कार्डाच्या मध्यभागी एक कुटुंब मेजाभोवती बसून आनंद करीत आहे. त्यावर त्या काळी टीकाही झाली, कारण चित्रातील लहान मुलाच्या ओठाला द्राक्षारसाचा पेला लावलेला होता. टीकेच्या भरात दोन्ही बाजूंच्या लहान चित्रांकडे दुर्लक्ष होते. एका बाजूस भुकेल्यांना अन्न दिले जात आहे, दुसऱ्या बाजूस उघड्यांना वस्त्र. मत्तयच्या शुभवर्तमानातील पंचविसाव्या अध्यायाची आठवण पहिल्याच कार्डावर होती. पुढे कार्डांचा मोठा व्यापार झाला, मेजवानी राहिली आणि बाजूची चित्रे गळाली.

मुलांच्या चित्रांनाही या इतिहासात स्थान आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर युनिसेफकडून मिळालेल्या मदतीबद्दल चेकोस्लोव्हाकियातील सात वर्षांच्या एका मुलीने कृतज्ञतेचे चित्र काढले. कागद नव्हता, म्हणून तिने ते काचेवर रंगवले. त्याच चित्रावरून १९४९ मध्ये युनिसेफचे पहिले भेटकार्ड तयार झाले. साधने तुटपुंजी आहेत, ही सबब त्या मुलीने आपल्यासाठी फारशी शिल्लक ठेवलेली नाही.

चित्र कोणते काढावे?

आपल्या मुलांना नाताळचे चित्र काढावयास सांगितले, की बहुधा बर्फ, सूचिपर्णी झाड, घसरगाडी आणि लाल डगल्यातील म्हातारबाबा कागदावर उतरतो. यात मुलांचा दोष नाही. बाजारातील कार्डांवर त्यांनी तेच पाहिलेले असते. परंतु कोल्हापुरात बर्फ पडत नाही, आणि शुभवर्तमानातील जन्मकथेतही त्याचा उल्लेख नाही. असे चित्र वर्षानुवर्षे काढता काढता प्रभू येशू हा दूरच्या थंड देशातला कोणी पाहुणा आहे, अशी समजूत मुलांच्या मनात नकळत घट्ट होते. आमच्या मते हे नुकसान मोठे आहे.

हा प्रश्न आपल्या भागात पूर्वीच उभा राहिला होता. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात राशोल येथे छापले गेले, तेव्हा प्रभूचे चरित्र मराठी ओवीत आले. शब्दांनी जे केले, ते रंगांनी करण्याचे काम तीन शतकांनंतर आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) यांनी केले. मूळचे गोव्याचे हे चित्रकार शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ टागोर यांच्याकडे शिकले. त्यांची मरिया साडी नेसते आणि तिचा चेहरा आपल्या घरातील आईबहिणींचा असतो. गोव्यातील अनेक भाविकांना त्या काळी ही चित्रे रुचली नाहीत. पुढे पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात त्यांना आसरा मिळाला आणि त्यांची पुष्कळ चित्रे तेथेच झाली. आज त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह पर्वरी येथील झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्च या संस्थेत जतन केलेला आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये पवित्र उपासनेविषयीच्या संविधानात (परिच्छेद १२३) स्पष्ट केले, की ख्रिस्तसभेने कोणतीही एक कलाशैली स्वतःची म्हणून ठरवलेली नाही; प्रत्येक लोकसमूहाच्या कलेला तिच्या घरात जागा आहे. फोन्सेका यांना जे ऐकून घ्यावे लागले, ते आपल्या मुलांना ऐकावे लागू नये.

कोल्हापूरला तर ‘कलापूर’ म्हणतात. आबालाल रहिमान यांनी रंकाळ्याचा परिसर रंगांत पकडला. बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) यांनी चित्रकला, शिल्प आणि चित्रपट या तिन्हींत नाव कमावले. या नगरीतील मुलांनी बेथलेहेम रंगवताना आपल्या आजूबाजूला पाहावे. लूकच्या शुभवर्तमानातील (२:८) रात्री कळप राखणारे मेंढपाळ म्हणजे आपल्याकडचे घोंगडी पांघरलेले धनगर. गव्हाण म्हणजे काय, हे आपल्या खेड्यांतील मुलाला समजावून सांगावे लागत नाही. गोठ्यातील बैल आणि गाढव यांचा उल्लेख लूकने केलेला नाही. यशया संदेष्ट्याच्या पहिल्या अध्यायातील तिसऱ्या ओळीवरून ते परंपरेने चित्रांत आले. तेव्हा बैलाशेजारी एखादी म्हैस उभी राहिली, तर शुभवर्तमानाला बाधा येत नाही.

आणखी एक चित्र आपल्या डोळ्यांसमोर असूनही आपण पाहत नाही. नाताळ येतो तो उसाच्या गळीत हंगामात. बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून आलेली ऊसतोड कुटुंबे या दिवसांत फडांच्या कडेला कोप्या घालून राहतात. बांबू, ताडपत्री, उसाचे पाचट यांचा तो निवारा. घर दूर, थंडी कडक, आणि अनेक कोप्यांत तान्ही लेकरे. मरिया आणि योसेफ हेही घरापासून दूर होते आणि त्यांना उतारशाळेत जागा मिळाली नव्हती (लूक २:७). बालयेशूला कोपीत निजवलेले एखादे चित्र आपल्या कार्डावर आले, तर ते कोल्हापूरचे खरेखुरे नाताळचित्र ठरेल. पण असे चित्र काढणाऱ्यावर एक बंधन येते : कोपी केवळ शोभेसाठी वापरू नये. ती रेखाटणाऱ्या मुलांनी आईवडिलांसह तेथे एकदा जावे, बसावे, बोलावे, फराळ वाटून खावा. मग चित्र काढावे.

कागद आणि घडी

कार्डासाठी २०० ते २५० जीएसएमचा कागद घ्यावा. याहून पातळ कागद रंगाच्या पाण्याने सुरकुततो आणि उभा राहत नाही. ए-फोर आकाराचा कागद (२१ × २९.७ सेंमी) आडवा मधोमध कापला, तर दोन तुकडे होतात, प्रत्येक तुकडा मधून दुमडला की हातात मावणारे कार्ड तयार होते. त्यासाठी सुमारे ११.४ × १६.२ सेंमीचे पाकीट पुरते.

घडी घालण्यापूर्वी शाई संपलेले बॉलपेन पट्टीच्या आधाराने घडीच्या रेषेवरून दाबून फिरवावे. त्या खाचेवर कागद न तडकता सरळ दुमडतो. कागदालाही लाकडासारखी एक दिशा असते. तो हलकेच दोन्ही बाजूंनी वाकवून पाहावा. ज्या बाजूने सहज वाकेल, त्या बाजूने घडी स्वच्छ बसते.

हातकागद वापरावयाचा असेल, तर पुण्यातील हातकागद संस्थेची आठवण ठेवावी. महात्मा गांधींच्या प्रेरणेने १९४० मध्ये ती सुरू झाली. कापडाच्या चिंध्यांपासून केलेला हा कागद टिकाऊ आणि देखणा असतो, पण शाई अधिक शोषतो. त्यामुळे त्यावर बारीक रेषा फुटतात आणि मोठे, ठसठशीत ठसे शोभतात.

ठसे : स्वयंपाकघरापासून लिनोपर्यंत

सर्वांत सोपा ठसा आपल्या भाजीच्या टोपलीत असतो. भेंडी आडवी कापली, की बहुधा पाच कोनांची चांदणी मिळते. बेथलेहेमच्या ताऱ्यासाठी ती तयारच आहे. बटाटा अर्धा कापून त्यावर मेंढरू, दिवा किंवा कबुतर कोरता येते. कापलेला भाग फडक्याने टिपून कोरडा करावा, अन्यथा भाजीचे पाणी रंगात मिसळून ठसा फिका येतो. पिंपळाच्या पानाला रंग लावताना मागची, शिरा उठून दिसणारी बाजू घ्यावी. अंगठ्याचा ठसा म्हणजे मेंढराचे अंग. चार रेषा आणि दोन ठिपके काढले की कळप तयार होतो. जाड पुठ्ठ्याची कड रंगात बुडवून टेकवली, की गव्हाणीच्या फळ्या उमटतात. बालवर्गातील मुलांनाही हे जमते.

थोड्या मोठ्या मुलांनी खोडरबरावर आणि युवकांनी लिनोच्या तुकड्यावर कोरीव ठसा करावा. येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. जो भाग कोरून काढला जातो तो कागदावर कोरा राहतो आणि जो उरतो तो उमटतो. तसेच चित्र उलटे उमटते. म्हणून ‘नाताळ’ हा शब्द कोरायचा असेल तर तो आरशात दिसतो तसा कोरावा. पातळ कागदावर मऊ पेन्सिलीने शब्द लिहून तो कागद ठशावर पालथा घासला, की अक्षरे आपोआप उलटी उतरतात. कोरताना पाते नेहमी स्वतःपासून दूर जाणाऱ्या दिशेने चालवावे आणि ठसा धरणारा हात पात्याच्या मागे ठेवावा. लहान मुलांसाठी कोरण्याचे काम मोठ्यांनीच करावे.

शाई आणि रंग

शिक्क्याच्या पॅडची शाई बहुधा पाण्यात विरघळणारी असते. ती चटकन वाळते, परंतु ओल्या बोटाने पसरते आणि उन्हात फिकी पडते. गुळगुळीत, चकचकीत कागदावर ती बराच वेळ ओली राहते. भाजीच्या ठशांसाठी पोस्टर रंग उत्तम. मुंबईत १९३१ मध्ये शाईच्या उत्पादनाने सुरुवात झालेल्या कॅमलिनचे रंग आपल्या मुलांच्या दप्तरांत असतातच. रंग श्रीखंडाइतका घट्ट असावा. तो थेट ठशाला न फासता स्पंजच्या तुकड्यावर पसरावा आणि ठसा त्यावर टेकवून उचलावा; म्हणजे सर्वत्र सारखा लागतो. लिनोसाठी छपाईची शाई रुळाने पातळ पसरवतात. ती तेलाची असेल, तर वाळण्यास एक-दोन दिवस द्यावेत आणि तोवर कार्डे एकावर एक रचू नयेत.

चकाकीसाठी वापरली जाणारी प्लॅस्टिकची भुकटी आम्ही टाळावी असे सुचवतो. ती हाताला, अंथरुणाला, अन्नाला लागते आणि आजाऱ्यांच्या खोलीत तर ती नकोच. एका सोनेरी पेनाची रेघ पुरेशी असते.

रंगवण्याच्या चार पद्धती

*मेण आणि पाणी.* पांढऱ्या मेणबत्तीच्या तुकड्याने पांढऱ्या कागदावर तारा किंवा गव्हाण रेखाटावी. काहीच दिसत नाही. मग त्यावरून गडद निळा जलरंग पातळ करून फिरवावा. मेणावर पाणी ठरत नाही, त्यामुळे अंधार पसरत जातो तसतसा तारा उजळत येतो. धर्मशिक्षणाच्या वर्गात योहानाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय शिकवताना ही कृती अवश्य करावी. अंधारात प्रकाशतो तो प्रकाश मुलांना डोळ्यांनी दिसतो.

*फवारा.* गडद निळ्या कागदावर पुठ्ठ्यातून कापलेले गोठ्याचे किंवा उंटांचे आकार ठेवावेत. वीतभर उंचीवर चहाची गाळणी धरून, पांढऱ्या रंगात बुडवलेला जुना दातघासणीचा ब्रश तिच्यावर घासावा. बारीक तुषार पडून चांदण्यांची रात्र तयार होते आणि आकार उचलला की त्याची छाया राहते.

*रांगोळीचा छापा.* घरातील छिद्रांचा छापा कार्डावर घट्ट धरून जवळजवळ कोरड्या स्पंजने रंग टिपावा. रंग ओला असेल तर तो छाप्याखाली झिरपतो. अंगणातील आपली कला प्रभूच्या जन्माच्या स्वागताला अशी कार्डाच्या कडेवर येते.

*दोऱ्याचे चित्र.* हातभर दोरा रंगात भिजवून कागदावर वळणे घेत ठेवावा, त्याचे टोक बाहेर काढावे, कागद दुमडून वरून तळहाताने दाब द्यावा आणि दोरा सावकाश ओढावा. कागद उघडला की दोन्ही बाजूंना सारखे पंख दिसतात. मध्ये मुख आणि अंगरखा काढला की देवदूत झाला.

रंग पूर्ण वाळल्यावर कार्डे जाड पुस्तकाखाली रात्रभर दाबून ठेवावीत.

आतील मजकूर

कार्डाच्या आत छापील मजकूर नसावा. ज्याला द्यायचे त्याचे नाव, त्याच्यासाठी लिहिलेली दोन-तीन वाक्ये, पाठवणाऱ्याची सही आणि हवे तर लूक किंवा मत्तयच्या शुभवर्तमानातील एखाद्या वचनाचा निर्देश, एवढे पुरे. ज्या घरी वर्षभरात मृत्यू झाला असेल, तेथे ‘आनंदी नाताळ’ असे ठोकळेबाज लिहू नये. गेलेल्या माणसाचे नाव घेऊन त्याच्यासाठी प्रार्थना करीत आहोत, असे लिहावे. वृद्धांसाठी अक्षर मोठे आणि काळ्या शाईत असावे. हिंदू, मुस्लिम, जैन शेजाऱ्यांना मैत्रीच्या शुभेच्छा द्याव्यात. दिवाळीचा फराळ आणि ईदचा शीरखुर्मा आपल्या दारी येतो, त्याची ही परतफेड आहे.

कार्ड कोणाच्या हाती?

तयार कार्ड दुकानात सहज मिळते, मग इतका खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. आईवडिलांना कामे आहेत, मुलांना परीक्षा आहेत, ही अडचणही खरी आहे. आमचे उत्तर एवढेच, की शंभर कार्डे करू नयेत. प्रत्येक कुटुंबाने पाच करावीत. त्यांतील दोन आप्तेष्टांसाठी ठेवावीत आणि तीन अशा माणसांना द्यावीत, ज्यांना कोणाकडूनही कार्ड येण्याची शक्यता नाही.

अशी माणसे शोधण्यास दूर जावे लागत नाही. धर्मग्रामातील अंथरुणाला खिळलेले वृद्ध आहेत. मुले परदेशी गेल्याने एकटे राहिलेले आईवडील आहेत. छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, ज्याला आपण सीपीआर म्हणतो, बाहेरगावचे रुग्ण आणि त्यांच्या उशाशी जागणारे नातलग असतात. कळंबा येथील मध्यवर्ती कारागृहात बंदिवान आहेत. रुग्णालयात किंवा कारागृहात जाण्यापूर्वी तेथील अधिकाऱ्यांची रीतसर परवानगी घ्यावी, धर्मगुरूंना सोबत घ्यावे आणि कारागृहासाठीच्या कार्डांना टाचण्या, तारा, पिना लावू नयेत. कोणावरही प्रार्थनेची किंवा वचनाची सक्ती होता कामा नये. ‘तुमची आठवण ठेवली’ एवढा निरोप पोहोचला, तरी आपले काम झाले.

आगमनकाळाचे नियोजन

ख्रिस्तराजाच्या सणाच्या आठवड्यात प्रथम नावांची यादी करावी. माणूस ठरला की चित्र सुचते. आगमनकाळाच्या पहिल्या आठवड्यात कागद कापून घड्या घालाव्यात आणि ठसे तयार करावेत. दुसऱ्या रविवारपर्यंत बाहेरगावची कार्डे टपालात पडावीत, म्हणजे ती नाताळपूर्वी पोहोचतील. तिसऱ्या आठवड्यात उरलेली कार्डे छापून, रंगवून, मजकूर लिहून पूर्ण करावीत. चौथ्या रविवारच्या पवित्र मिस्सेत ती वेदीजवळच्या टोपलीत ठेवून त्यांवर आशीर्वाद मागावा आणि मिस्सा संपताच मुलांनी मोठ्यांसोबत जाऊन ती स्वतःच्या हाताने द्यावीत. चौथा रविवार काही वर्षी थेट २४ डिसेंबरला येतो. अशा वर्षी वाटप तिसऱ्या रविवारीच करावे.

देवाने मानवाकडे निरोप धाडला तो अखेर शब्दांत थांबला नाही; शब्द देही झाला आणि आपल्यामध्ये येऊन राहिला. कार्ड देण्यासाठी दार वाजवणारा, क्षणभर बसणारा, विचारपूस करणारा भाविक त्या रहस्याचाच लहानसा वाटेकरी होतो. यंदा आपल्या घरी तयार होणाऱ्या पाच कार्डांपैकी एक तरी एखाद्या कोपीच्या दारी किंवा रुग्णाच्या उशाशी पोहोचावे, ही आमची वाचकांना आग्रहाची विनंती आहे.

सर्व वाचकांना आगमनकाळाच्या व नाताळच्या प्रार्थनापूर्वक शुभेच्छा.